मोटारीचे इंजिन बसते तेव्हा दोष कोणाचा?

खेड्यापाड्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या अंगणात आज एक मोठी मोटार उभी असते. सात माणसांची परवानगी असलेल्या ह्या गाडीत प्रसंगी नऊ-दहा माणसेही बसतात. लग्नाचे वऱ्हाड तिच्यातून जाते, फेस्ताला दूरचे आप्तेष्ट तिच्यातून येतात, आणि रात्री-अपरात्री दुखणाईतास शहरातील इस्पितळात हलवावयाचे झाले तर शेजाऱ्यांची नजरही तिच्याकडेच वळते. इंग्रजीतील आद्याक्षरे घेऊन लोक तिला एस. यू. व्ही. म्हणतात. बहुतेक घरांनी ती बँकेचे कर्ज काढून घेतलेली असते. हप्ते अर्धेही फिटले नसता तिचे इंजिन बसले आणि गॅरेजातून दुरुस्तीचा आकडा कळला, म्हणजे घर कसे गप्प होते हे ज्याने अनुभवले आहे त्यास सांगणे न लगे.

अशा वेळी पहिला प्रश्न पैशाचा असतो हे खरे. तथापि आमच्या मते त्याहून मोठा प्रश्न दोषाचा आहे. इंजिन मालकाच्या हेळसांडीमुळे गेले, की कारखान्यातून निघतानाच ते अधू होते? खर्च कोणी सोसावयाचा हे ह्या एका उत्तरावर ठरते, आणि उत्तर देण्याचा अधिकार बहुधा त्याच्याच हाती असतो, ज्यास तो खर्च टाळावयाचा असतो.

ह्या प्रश्नाची एक मोठी परीक्षा २०११ नंतरच्या दशकात अमेरिकेत व दक्षिण कोरियात झाली. ह्युंदाई आणि किया ह्या एकाच उद्योगसमूहातील दोन कोरियन कंपन्या. त्यांनी 'थीटा-२' नावाचे पेट्रोलवर चालणारे इंजिन आपल्या अनेक गाड्यांत बसविले. सोनाटा आणि ऑप्टिमा ह्या बसक्या मोटारींत ते होतेच. सांता फे स्पोर्ट, सोरेंटो व स्पोर्टेज ह्या कुटुंबासाठी घेतल्या जाणाऱ्या उंच गाड्यांतही तेच होते. हकिकत परदेशची असली तरी इंजिन सर्वत्र एकाच नियमाने चालते, म्हणून ती येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. आरंभीच एक खुलासा केलेला बरा. आपल्या देशातही काही वर्षे सांता फे ह्या नावाची गाडी विकली जात असे, परंतु तिचे इंजिन डिझेलचे व निराळ्या जातीचे होते. पुढे वर्णिलेला दोष तिला लागू नव्हता. तेव्हा कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही.

इंजिनाच्या पोटात काय चालते हे थोडे समजून घेतल्यावाचून पुढील गोष्ट उमगणार नाही. सिलिंडरमध्ये इंधनाचा भडका उडतो आणि त्याच्या रेट्याने दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली ढकलला जातो. दट्ट्यास जोडलेला दांडा ती खालीवर होणारी गती क्रँकशाफ्टकडे पोचवितो, आणि क्रँकशाफ्ट तिचे फिरण्यात रूपांतर करतो. शिवणयंत्राची पावटी पायाने दाबली की चाक फिरू लागते, त्यातलाच हा प्रकार. हमरस्त्यावर गाडी सरळ चालली असता क्रँक मिनिटास दोन हजारांच्या आसपास फेरे घेत असतो.

दांडा व क्रँक जेथे जुळतात तेथे धातूवर धातू घासत असेल, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तेथे ती दोन्ही एकमेकांस शिवतही नाहीत. दोहोंमध्ये बेअरिंगची पातळ कवचे बसविलेली असतात, आणि त्या कवचांच्या व क्रँकच्या मध्ये तेलाचा एक पदर असतो. त्याची जाडी माणसाच्या केसाहूनही कमी. भडक्याचा सारा मार त्या पदरावर झेलला जातो. पंपाने दाब दिलेले तेल क्रँकच्याच अंगात पाडलेल्या बारीक वाटांनी तेथवर येते. ह्या वाटा मोकळ्या आहेत तोवर इंजिन कोट्यवधी फेरे विनातक्रार घेते. तेल कमी पडले, जुने होऊन त्याचे सत्त्व गेले किंवा वाट बुजली, की तो पदर फाटतो. मग कवच झिजते, फट पडते आणि प्रत्येक फेऱ्यास दांडा क्रँकवर आपटू लागतो. रिकामे पिंप हातोडीने ठोकावे तसा आवाज गाडीच्या खालच्या बाजूने येतो. वेग वाढविला की ठोकेही वाढतात. आमच्याकडील मेस्त्री त्यास 'नॉकिंग' म्हणतात आणि ऐकताक्षणीच मान हलवितात.

थीटा-२ च्या बाबतीत घडले ते असे. क्रँकला तेलाच्या वाटा पाडताना धातूचा बारीक कीस निघतो. तो धुऊन काढणे हे कारखान्यातील अगदी साधे काम. त्यात शास्त्र असे काही नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात तयार झालेल्या काही इंजिनांत हे काम पुरते झाले नाही. मागे राहिलेला कीस तेलाबरोबर वाहत गेला व बेअरिंगपाशी तेलाचा ओघ त्याने अडविला. हजारो मैल चालेपर्यंत मालकास ह्याचा पत्ताही लागत नसे. सर्वच इंजिने गेली असे मुळीच नव्हे. परंतु जी गेली त्यांतील काही भर रस्त्यात वेगात असताना बंद पडली. काहींत तुटलेला दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, तेल तापलेल्या भागावर सांडले आणि आग लागली. २०१८ साली 'सेंटर फॉर ऑटो सेफ्टी' ह्या ग्राहकांच्या बाजूने झगडणाऱ्या अमेरिकन संस्थेने टक्कर झालेली नसताना पेटलेल्या अशा गाड्यांचा प्रश्न धसास लावला, आणि तिच्या यादीत सोरेंटो व सांता फे ही नावे होती.

आग लागणे हे विरळा. सर्वसामान्य मालकाचे नित्याचे दुखणे बिलाचे होते. बेअरिंग गेल्यावर क्रँकही खरवडला जातो, तेलात धातू मिसळून तो सर्वत्र पसरतो, आणि बहुधा इंजिनाचा निम्मा भाग तरी नवा बसवावा लागतो. अमेरिकेत हा खर्च कित्येक हजार डॉलरांचा. हमी होती, नाही असे नाही. परंतु तिचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. पहिल्या मालकास इंजिनाची हमी दहा वर्षांची किंवा एक लक्ष मैलांची होती. तीच गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की ती पाच वर्षांवर किंवा साठ हजार मैलांवर येत असे. जुनी गाडी घेणारा मनुष्य बहुधा ऐपतीने कमी, आणि तोकडी हमी नेमकी त्याच्याच वाट्यास!

त्यापुढची अडचण पावत्यांची. तेल वेळच्या वेळी बदलल्याचा लेखी पुरावा नाही ह्या सबबीवर आपणांस हमी नाकारण्यात आली, असे गाऱ्हाणे पुढे न्यायालयातील दाव्यांत पुष्कळ मालकांनी मांडले. येथे वाचकांनी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे, कारण साऱ्या प्रकरणाची मेख येथेच आहे. तेल न बदलल्याने जाणारे बेअरिंग आणि कीस अडकून जाणारे बेअरिंग ह्यांचा शेवट एकसारखाच: झिजलेले कवच, खरवडलेला क्रँक, काळवंडलेले तेल. इंजिन उघडल्यावर दोष कारखान्याचा की घरमालकाचा हे केवळ डोळ्यांनी सांगता येणे कठीण. जेथे वस्तू बोलत नाही तेथे कागद बोलतो. ज्याच्यापाशी कागद नव्हता, त्याने कदाचित स्वतःच्या हाताने अंगणात दर सहा महिन्यांनी तेल बदलले असेल. परंतु ते सिद्ध कशाने करणार?

गाड्या परत मागवून दोष फुकट दुरुस्त करून देणे ह्यास तिकडे 'रिकॉल' म्हणतात, आणि आता तो शब्द आपल्याकडेही रुळला आहे. पहिला रिकॉल सप्टेंबर २०१५ मध्ये झाला. त्यात २०११ व २०१२ सालच्या सुमारे ४ लक्ष ७० हजार सोनाटा मोटारी होत्या. त्याच जातीचे इंजिन असलेल्या सोरेंटो, स्पोर्टेज व सांता फे स्पोर्ट नव्हत्या. त्यांची पाळी ३१ मार्च २०१७ रोजी आली. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांनी मिळून आणखी सुमारे १२ लक्ष गाड्या परत मागविल्या. मधली दीड वर्षे ह्या मोठ्या गाड्यांतून मुलेबाळे घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबांस कोणी काही सांगितले नाही.

मग सांगितले कोणी? किम ग्वांग-हो नावाच्या एका अभियंत्याने. ते ह्युंदाईत सव्वीस वर्षे नोकरीस होते आणि गाड्यांच्या दर्जाशी संबंधित कामात होते. कंपनीने रिकॉल करताना दोषाची व्याप्ती अपुरी धरली, अशी त्यांची खात्री झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी स्वतः वॉशिंग्टन गाठले आणि तेथील वाहनसुरक्षेच्या सरकारी खात्यापुढे कंपनीतील कागदपत्रे ठेवली. कोरियातील अधिकाऱ्यांसही कळविले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, व्यवसायातील गुपिते फोडली ह्या आरोपावरून, त्यांस कामावरून काढून टाकण्यात आले. सरकारी आयोगाच्या आदेशाने २०१७ मध्ये त्यांस परत घेतले गेले खरे. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ती नोकरी सोडली. सव्वीस वर्षांची नोकरी असलेल्या, कुटुंबवत्सल वयाच्या मनुष्याने असा निर्णय घ्यावा हे सोपे नव्हे. ज्यांच्यासाठी त्याने तो घेतला ती माणसे त्यास नावानेही ठाऊक नव्हती.

पुढील गोष्टी भराभर घडल्या. एप्रिल २०१७ मध्ये कोरियातही हेच इंजिन असलेल्या सुमारे १ लक्ष ७१ हजार गाड्या परत मागविण्यात आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकन सरकारी खात्याने १६ लक्षांहून अधिक गाड्यांचा रिकॉल वेळेवर केला नाही आणि काही माहिती बिनचूक दिली नाही, असा ठपका दोन्ही कंपन्यांवर ठेवला. ह्युंदाईस १४ कोटी व कियास ७ कोटी डॉलरांचा दंड ठरला. त्यांतील ८ कोटी १० लक्ष डॉलर रोख भरावयाचे होते. उरलेल्यांतील काही भाग सुरक्षिततेच्या कामावर खर्च करावयाचा व काही राखून ठेवलेला होता. हेही नमूद केले पाहिजे की कियाने आरोप मान्य केले नाहीत. लांबणारा वाद टाळण्यासाठी तडजोड करीत असल्याचे तिने सांगितले. रोख दंडाच्या तीस टक्के, म्हणजे २ कोटी ४० लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम, नोव्हेंबर २०२१ मध्ये किम ह्यांस कायद्याने पारितोषिक म्हणून मिळाली. त्या खात्याने अशा कारणासाठी दिलेले ते पहिलेच पारितोषिक.

दंडाच्या आकड्यांनी डोळे दिपतात, पण कुटुंबांच्या दृष्टीने खरी महत्त्वाची ती दाव्यातील तडजोड. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपन्यांनी अमेरिकेतील व कोरियातील मिळून चाळीस लक्षांहून अधिक गाड्यांस ह्या इंजिनाच्या मुख्य भागाची आजीव हमी देऊ केली. अमेरिकेत ती गाडी विकत घेणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकासही मिळाली. पूर्वी पदरमोड करून केलेल्या दुरुस्तीचे, गाडी ओढून नेल्याचे, मधल्या काळात भाड्याने घेतलेल्या मोटारीचे पैसे पावती दाखविल्यास परत मिळू लागले. आणि पावत्यांचा जाच बराच सैल झाला: मालकाने असाधारण हेळसांड केली असेल तरच हमी नाकारावयाची, असे ठरले. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, एवढाच ह्याचा अर्थ. परंतु हजारो डॉलरांचा फरक त्या एवढ्याशा बदलाने पडला. कंपन्यांवरही भार आला तो हलका नव्हता. २०२० च्या एकाच तिमाहीत दोघींनी मिळून इंजिनांच्या खर्चापोटी तीन लक्ष कोटी वॉनहून अधिक, त्या वेळच्या दराने जवळजवळ तीनशे कोटी डॉलर, बाजूस काढून ठेवले. कीस धुऊन काढण्यास कितीसा खर्च आला असता?

तडजोडीत आणखी एक उपाय होता. बेअरिंग झिजू लागताच होणारा सूक्ष्म कंप इंजिनावरील यंत्राने ओळखावा, दिवा लावावा आणि गाडीचा वेग आपोआप मर्यादेत आणावा, अशी योजना फुकट बसवून देण्यात आली. ही युक्ती चांगली आहे. भर रस्त्यात होणारा घात तिने टळतो. परंतु ती बेअरिंग वाचवीत नाही, ते जात आहे एवढेच ओरडून सांगते. औषध आणि घंटा ह्यांत अंतर आहे, आणि विक्रेत्यांनी घंटेस औषध म्हणू नये असे आम्हांस वाटते.

आता आपल्या घराकडे वळू. इंजिन कोणत्याही कंपनीचे असो, तेलाचा तो केसाएवढा पदर राखणे मालकाच्या हातात पुष्कळ अंशी असते. तेल मोजण्याची पट्टी प्रत्येक पंधरवड्यास पाहावी: गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे गेल्यावर, पट्टी एकदा पुसून पुन्हा घालून. कमी दिसले तर भर घालावी आणि कमी का झाले ह्याचा शोध घ्यावा. उलट १ एप्रिल २०२० नंतर भारत स्टेज सहाच्या नियमांखाली आलेल्या पुष्कळ डिझेल गाड्यांत पट्टीवरचे तेल कधी कधी वाढलेले दिसते. त्याचा आनंद मानू नये. धुरातील काजळी अडविणारी गाळणी त्यांत असते, आणि ती जाळून साफ करताना जादा डिझेल सोडले जाते. गाडी केवळ बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्या मारीत असेल तर ते डिझेल तेलात उतरते व तेल पातळ होते. अशा गाडीचे तेल किलोमीटर भरण्याची वाट न पाहता बदलावे लागते.

लाल दिव्याविषयी फार मोठा गैरसमज आहे. कुपीच्या आकाराचा तो दिवा तेल थोडे कमी झाल्याची सूचना देतो असे मानून लोक पुढच्या गावापर्यंत रेटतात. बहुतेक गाड्यांत तो तेलाचा दाब गेल्याचे सांगतो, म्हणजे बेअरिंगपाशी तेल पोचत नाही असे सांगतो. चोर्ला घाट उतरून पाहू, असे म्हणणारा मनुष्य घाट उतरेपर्यंत इंजिन हरवून बसलेला असतो. तेथल्या तेथे गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करणे, आणि ती ओढून नेणे, हाच मार्ग. ठोक्यांचा आवाज प्रथम ऐकताच गाडी थांबविली तर कदाचित बेअरिंग बदलून व क्रँक घासून भागते. शंभर किलोमीटर आणखी चालविली की पुरे इंजिन करावे लागते.

पावत्यांची सवय आपल्याकडे कमीच. हमीच्या मुदतीत अधिकृत कार्यशाळेत जाणारी गाडी मुदत संपताच ओळखीच्या मेस्त्रीकडे जाते. त्यात गैर काही नाही. आमच्या खेड्यांतील कित्येक मेस्त्री शहरातल्या चकचकीत गॅरेजांहून हुशार आहेत. पण त्यांच्याकडूनही तारीख, किलोमीटर, तेलाची जात आणि फिल्टर बदलल्याची नोंद एका कागदावर सहीनिशी घ्यावी. तेल दुकानातून स्वतः आणले असेल तर त्याचे बिल त्यालाच टाचावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने रंग व गाद्या पाहण्याआधी ही पुडी मागावी, आणि मालक ती देऊ शकत नसेल तर किंमत त्या हिशेबाने बोलावी.

कायद्याचे साह्य आपल्या देशातही आता पूर्वीपेक्षा बरे आहे. वाहन-उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत २०१२ मध्ये घालून दिली होती. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सरकारास सदोष गाड्या परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला व त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांपेक्षा जुन्या गाडीस लागू नाहीत, आणि ठराविक संख्येने तक्रारी आल्याखेरीज त्यांचे चाक हलत नाही. म्हणूनच एकाच जातीच्या गाडीस तोच रोग होत असेल तर प्रत्येक मालकाने तक्रार नोंदविणे आवश्यक ठरते. 'आमची तर दुरुस्त झाली' म्हणून गप्प बसणाऱ्यामुळे दुसऱ्याची तक्रार एकटी पडते.

व्यक्तिशः दाद मागावयाची असेल तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार देऊ शकतो. बेळगावच्या माणसाने गाडी हुबळीस घेतली असली तरी त्यास हुबळीच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते, आणि वकील देणे सक्तीचे नाही. कारखान्याचा दोष आहे किंवा कसे हे तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. ह्यासाठी वस्तू मात्र शिल्लक असली पाहिजे. तेव्हा इंजिन उघडण्यापूर्वी कंपनीस लेखी कळवावे, उघडताना आपण समोर उभे राहावे, छायाचित्रे घ्यावीत, थोडे जुने तेल स्वच्छ बाटलीत काढून घ्यावे, आणि काढलेली बेअरिंगची कवचे मेस्त्रीकडून मागून घेऊन, तारीख घातलेल्या कागदात गुंडाळून, निकाल लागेपर्यंत भंगारवाल्याच्या हाती पडू देऊ नयेत.